मोटारीतील बोलका वाटाड्या : काही भाषाशास्त्रीय निरीक्षणे

वाट विचारणे आणि वाट सांगणे हा भाषाव्यवहाराचा फार जुना प्रकार होय. अनोळखी मुलखात आलेला प्रवासी आणि त्या मुलखाचा रहिवासी यांच्या दोन घटकांच्या संभाषणात दिशा, अंतर, खूण आणि नाव या चार गोष्टींची देवघेव होते. अलीकडच्या काळात या संभाषणातील सांगणाऱ्याची जागा पुष्कळ अंशी यंत्राने घेतली आहे. मोटार घेतल्यानंतर मागाहून बाजारातून आणून तीत बसवायचा, गाणी ऐकवणारा आणि मार्गही दाखवणारा स्टिरिओ हे या यंत्राचे एक परिचित रूप. प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या मोटारीत असे यंत्र बसवून घेतले, त्यास दोन वर्षे झाली. या अवधीत पुणे–माणगाव आणि पुणे–सातारा या मार्गांवर त्याच्या बोलण्याकडे सवडीने लक्ष देता आले. त्यातून निघालेला प्रश्न असा : मराठी मुलखात वाट सांगणाऱ्या यंत्रास मराठीचे कोणते ज्ञान असावे लागते, आणि ते नसेल तर नेमके काय गमावले जाते? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी यंत्राची घडण व बसवणी यांचा थोडक्यात परिचय करून देणे अवश्य आहे. कारण पुढील भाषिक अडचणींची काही मुळे त्या घडणीतच आहेत.

१. पूर्वपीठिका

अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. पुढे रेडिओच्या जोडीस कॅसेट वाजवणारे यंत्र आले आणि आपल्याकडे त्यास ‘टेप’ हे नाव पडले. आजच्या यंत्रात फीत कोठेही नसते. तरीही ‘गाडीत टेप बसवायचा आहे’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि दुकानदारास ते बिनचूक कळते. वस्तू जाते, शब्द मागे राहतो व तिच्या जागी आलेल्या वस्तूस चिकटतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मार्ग दाखवणाऱ्या यंत्राचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. मोटार किती वळली व किती अंतर चालली हे मोजून पडद्यावरील पारदर्शक नकाशावर तिचे स्थान दाखवणारे यंत्र होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानात काढले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील एटाक या कंपनीने असे यंत्र विक्रीस आणले. त्यातील नकाशे कॅसेटवर साठवलेले असत; म्हणजे ‘टेप’ हा शब्द वाटाड्या यंत्रास एकेकाळी अक्षरशः लागू होता. ‘एटाक’ हे नाव पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटांच्या दर्यावर्दींच्या परिभाषेतून घेतले होते. आपली होडी स्थिर आहे आणि बेटे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकत आहेत, अशी कल्पना करून हे दर्यावर्दी सागरी प्रवासाचा हिशेब ठेवतात. एटाकच्या पडद्यावरही मोटारीची खूण मध्यभागी स्थिर असे आणि नकाशा तिच्याभोवती फिरे. आजच्या पडद्यांवरही हीच रीत प्रचलित आहे.

यंत्रास वाणी देण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयोग जेम्स डेव्हिस यांनी अमेरिकेतील एम.आय.टी. येथे केला. मागच्या आसनावर बसून चालकास सूचना देणाऱ्या सोबत्यावरून त्यांनी आपल्या यंत्राचे नाव ठेवले होते. १९८९ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय, सूचना कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्षणी द्यावी हाच होता. वाटाड्या यंत्राचा प्रश्न हा प्रथमपासूनच भाषेचा प्रश्न होता, हे यावरून ध्यानात येईल.

आज स्थाननिश्चिती होते ती कृत्रिम उपग्रहांच्या साह्याने. अमेरिकेच्या जी.पी.एस. मालेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत वेळेचे संकेत पाठवतात. संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तीन परिमाणे आणि यंत्राच्या घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी सोडवायच्या असल्याने निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. नागरी उपयोगाच्या संकेतांत अमेरिकेने हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकली, आणि त्यानंतर सामान्य मोटारीस रस्त्याचा माग लागणे सुकर झाले. भारतानेही आपल्या प्रादेशिक मालेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात सोडला.

२. बसवणी

डॅशबोर्डमधील ज्या खाचेत हे यंत्र बसते तिचे माप जर्मन प्रमाणसंस्थेने ठरवून दिले आहे : रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. दुप्पट उंचीची खाच १०० मिलिमीटरची. त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘डिन’. आणि आपल्या बाजारात ‘सिंगल डिन’, ‘डबल डिन’ असे जे म्हटले जाते ते त्यावरून. संस्थेचे नाव असे मापाचे नाव झाले आहे. नऊ इंची पडदा मात्र या खाचेबाहेर पसरतो. त्यास त्या त्या मोटारीच्या घडणीप्रमाणे केलेली वेगळी फ्रेम लागते. ती बेताची बसली नाही, तर खडबडीत रस्त्यावर पडदा सतत खडखडतो.

यंत्राच्या पाठीमागून तारांचा जुडगा निघतो. त्यातील पिवळी तार बॅटरीशी कायमची जोडलेली असते. तिच्यावर यंत्राची स्मृती जगते. तांबड्या तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते. काळी तार अर्थिंगची. ती मोटारीच्या उघड्या धातूशी घट्ट आवळावी लागते, अन्यथा गाण्यामागे इंजिनाची घरघर ऐकू येते. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या जोड्या चार ध्वनिवर्धकांच्या. पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली, तर किल्ली काढताच यंत्र सारे विसरते : निवडलेली भाषा, वाणीची पट्टी, घरचा पत्ता, सर्व काही. दोन्ही तारा कायमच्या विजेवर जोडल्या, तर यंत्र जागेच राहून बॅटरी उतरवते.

रंग आणि कार्य यांचा हा संबंध सोस्यूरच्या अर्थाने यादृच्छिक आहे, आणि तो एका गटापुरताच आहे. मोटार बनवणारा आपल्या तारांना वेगळेच रंग देतो. या दोन संकेतव्यवस्थांत दुभाष्याचे काम ‘कपलर’ करतो. त्या मोटारीचा कपलर मिळत असता मूळच्या तारा कापून नुसत्या रंगावर विश्वासून जोडणे, हे शब्दाच्या बाह्यरूपावरून परभाषेतील अर्थ ठरवण्यासारखे आहे. उपग्रहांचे संकेत टिपणारी अँटेनाची चकती पुढच्या काचेजवळ, आकाश दिसेल अशा जागी ठेवावी लागते. ती प्लॅस्टिकखाली चालते. धातूखाली चालत नाही. भाषा व वाणी यांची निवड करून, दुकानातून निघण्यापूर्वी दोन-चार गावांची नावे यंत्राकडून वदवून घेणे इष्ट होय. कारागीर गाणे वाजवून दाखवतो. बोलणे ऐकून घेण्याचे काम आपले असते.

३. दिशेच्या चौकटी

दिशा सांगण्याच्या तीन चौकटी स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात विवेचिल्या आहेत. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ ही पाहणाऱ्याच्या शरीरावर आधारलेली सापेक्ष चौकट. ‘पूर्वेला’, ‘उत्तरेला’ ही निरपेक्ष. ‘देवळाच्या मागे’ म्हणजे देवळाच्या स्वतःच्या दर्शनी व पाठच्या बाजूवरून ठरणारी ती अंगभूत. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेचे भाषक जवळच्या वस्तूची जागासुद्धा निरपेक्ष दिशांनीच सांगतात. मराठीत तिन्ही चौकटी चालतात, पण त्यांची वाटणी प्रदेशपरत्वे होते. शेतकरी ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ म्हणतो. डोंगर-दऱ्यांच्या मुलखात चढ-उतार हीच दिशा होते : कोकणात ‘उतरायचे’ असते, घाट ‘चढायचा’ असतो, वस्त्या वरच्या आणि खालच्या असतात.

यंत्राच्या पडद्यावर दोन चौकटी उपलब्ध आहेत. उत्तर दिशा वर ठेवून नकाशा स्थिर करता येतो, किंवा मोटारीचे तोंड वर ठेवून नकाशा फिरू देता येतो. वाणीस मात्र बहुधा एकच चौकट ठाऊक असते : सापेक्ष. तिच्या दृष्टीने ताम्हिणीचा घाट म्हणजे डाव्या-उजव्या वळणांची मालिका. आपण कोकणात उतरत आहोत हे ती सांगत नाही.

याहून लक्षणीय उणीव ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ या शब्दांची. ‘पुलाच्या अलीकडे वळायचं’ या वाक्याचा अर्थ, ऐकणारा कोणत्या बाजूने येत आहे यावर अवलंबून आहे. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये दर्शक शब्दांच्या ज्या केंद्रबिंदूची मांडणी केली, तो बिंदू येथे सांगणारा आपल्यापासून उचलून ऐकणाऱ्याच्या वाटेवर नेऊन ठेवतो. माणसास ही कल्पना करावी लागते. यंत्रास करावी लागत नाही. मोटार कोणत्या बाजूने येत आहे आणि पूल कोठे आहे, या दोन्ही गोष्टी त्यास ठाऊकच असतात. ‘अलीकडे’ म्हणण्यास लागणारी सर्व सामग्री हाताशी असून ते ‘दोनशे मीटरवर’ म्हणते. येथे अडले आहे ते गणित नव्हे. वाट सांगण्याची मराठी रीत कोणी त्याच्या ध्यानात आणून दिलेली नाही.

केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये शहराच्या मनातील चित्राचे जे पाच घटक सांगितले, त्यांत ठळक खुणांना स्थान आहे. आपला वाट सांगणारा तर खुणांवाचून बोलूच शकत नाही. ‘पुढं मारुतीचं देऊळ लागेल, ते सोडून द्यायचं, मग फाटा फुटतो’ असे तो म्हणतो. येथील क्रियापदे पाहण्यासारखी आहेत : देऊळ ‘लागते’, फाटा ‘फुटतो’, नदी ‘आडवी येते’, गाव ‘येते’. प्रवासी जागच्या जागी असून मुलूखच त्याच्या भेटीस येतो, ही कॅरोलाइन बेटांवरील दर्यावर्दींची दृष्टी आपल्या रोजच्या बोलण्यात सहज नांदते. पडदाही हेच दाखवतो. वाणीस ते अद्याप बोलता येत नाही. गूगलच्या नकाशांनी डिसेंबर २००९ मध्ये भारतातील मार्गदर्शनात खुणांचा उपयोग सुरू केला, तो या गरजेची जाणीव झाल्यामुळेच.

४. वाक्यरचना आणि वेळ

ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. चार सेकंदांचे वाक्य संपेपर्यंत जवळजवळ ६७ मीटर रस्ता मागे पडतो. म्हणून वाक्यात दिशावाचक शब्द कोठे येतो, हा येथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ या साध्या वाक्यात मराठीचा क्रियापदान्त क्रम सोयीचा ठरतो. ‘डावीकडे’ हे ऐकताच चालकास पुढचे क्रियापद कळून चुकते. रस्त्याचे नाव जोडले की मात्र पारडे फिरते. इंग्रजीत आधी डावे-उजवे येते आणि रस्त्याचे नाव मागाहून. मराठीत उद्देशदर्शक भाग स्वभावतः आधी येतो : ‘लक्ष्मी रस्त्यावर जाण्यासाठी डावीकडे वळा.’ नाव जितके लांब, तितकी दिशा उशिरा. यावर उपाय वाक्य दोन करण्याचा आहे : ‘डावीकडे वळा. लक्ष्मी रस्ता लागेल.’ सहप्रवासी असेच बोलतो. मराठी वाणीसाठी हीच रचना स्वीकारावी, असे सुचवावेसे वाटते.

क्रियापदाच्या रूपाविषयीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. यंत्र ‘वळा’, ‘जा’ असा आज्ञार्थ वापरते. माणूस बहुधा ‘सरळ जायचं, चौकातनं वळायचं’ असे कर्तव्यदर्शक रूप वापरतो. त्यात आज्ञा नाही. वाटेचीच रीत सांगितल्यासारखी आहे. आदरार्थी अनेकवचन वापरूनही ‘वळा’ किंचित हुकमी वाटते, ते या तुलनेमुळे.

५. नावाचा उच्चार

सर्वांत गंभीर प्रश्न स्थलनामांचा आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावास जाताना घाट उतरल्यावर विळे हे गाव लागते. रोमन लिपीत त्याची जी अक्षरे होतात, त्यांचा इंग्रजीत ‘नीच, किळसवाणा’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. इंग्रजी वाणी त्या शब्दाप्रमाणे ‘व्हाइल’ म्हणते. मुंबईतील विले पार्ल्यातील ‘विले’ही रोमनमध्ये याच अक्षरांनी लिहिले जाते, म्हणजे ‘ल’ आणि ‘ळ’ हा मराठीतील अर्थभेदक वर्णभेद तेथे पुसला गेला आहे. पेण हे गाव लेखणी होते. ठाणे ‘थेन’ होते. लोणावळा आणि चिपळूण यांतील ‘ण’ आणि ‘ळ’ हे दोन्ही मूर्धन्य वर्ण रोमन लेखनात दंत्यांशी एकरूप होतात. नकाशांवरील आपल्या नावांचे रोमन लेखन ज्या हंटर पद्धतीवर आधारले आहे, तिच्या रूढ उपयोगात दंत्य व मूर्धन्य हा भेद दाखवला जात नाही.

नाव नागरीत दाखवले म्हणजे दोष गेला, असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे यांत्रिक लिप्यंतराने दाखवण्याची सोय जाहीर केली. सोय मोठीच आहे. परंतु मूळ नागरी नाव रोमनमध्ये जाऊन पुन्हा नागरीत येते, तेव्हा वाटेत गळालेला ‘ळ’ आपोआप परत येत नाही; त्यासाठी मूळ नाव ठाऊक असावे लागते. ‘पेन’ असे नागरीत छापलेले दिसले, की वाचणारा त्यास प्रमाण मानतो. रोमनमधील चूक परकी म्हणून ओळखू येते. नागरीतील चूक घरची होऊन बसते.

आणि शुद्ध नागरी नावही पुरेसे नाही. ‘चिंचवड’ या नावात ‘च’ दोनदा येतो. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. मराठी माणूस हा भेद न चुकता करतो, पण लिपी तो दाखवीत नाही. यंत्रास तो कळायचा, तर प्रत्येक नावाचा उच्चार वेगळा नोंदलेला हवा.

नावात दिशाही असते. मुख्य रस्त्यापासून ज्या गावाची वाट फुटते, त्या गावाचे नाव फाट्यास मिळते. पुण्यातील पौड फाटा हे पौड नव्हे; पौड तेथून पुष्कळ दूर, मुळशी तालुक्यात आहे. नाका, वेस, खिंड, गाडीतळ, कोकणातील तिठा, गोव्यातील तिस्क हे सर्व शब्द रस्त्यांच्या इतिहासाची व आकाराची माहिती देणारे आहेत. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे अनेक स्तरांचा नवा मार्गसंगम खुला झाला. चौकाचा आकार तेथे उरला नाही. नाव उरले आहे. यंत्रातील नकाशा त्यापूर्वीचा असेल तर ते नाव बरोबर सांगेल आणि वाट चुकीची.

६. सामान्यरूपाचा प्रश्न

इंग्रजी वाक्यात स्थलनाम जसेच्या तसे ठेवता येते. यंत्राची मूळ घडण याच गृहीतावर झाली आहे : वाक्याचा साचा तयार, त्यात एक रिकामी जागा, आणि त्या जागेत नावाचा शिक्का. मराठीत हे गृहीत टिकत नाही. पुणे, पण ‘पुण्याकडे’. सातारा, पण ‘साताऱ्याकडे’. ‘पुणे कडे’, ‘सातारा च्या दिशेने’ ही रूपे ऐकताच हे बोलणे मराठी माणसाचे नव्हे, हे पोरासही कळते.

नियम साधा असता तर यंत्रास शिकवणे सोपे होते. पण आकारान्त नावाचे लिंग आधी ठाऊक असावे लागते : गोवा, ‘गोव्याला’; मथुरा, ‘मथुरेला’. व्यंजनान्त उच्चाराच्या नावांत प्रत्ययागणिक रीत बदलते : ‘कोल्हापूरला’, पण ‘कोल्हापुरात’, ‘चिपळूणला’, पण ‘चिपळुणात’. नाव ही मराठीत चिकटवण्याची चिठ्ठी नाही. ते चालवावे लागते. कोशात ज्याप्रमाणे नामापुढे लिंग व सामान्यरूप देतात, त्याप्रमाणे यंत्राच्या नावांच्या यादीतही ते द्यावे लागेल.

७. सहवासाचा हिशेब

या यंत्राचे उपकार नाकारणे अन्यायाचे होईल. ताम्हिणीच्या घाटात मोबाइलचे जाळे तुटते. तरीही नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर उपग्रहांच्या संकेतांवर स्थान दिसत राहते, आणि पावसाळी धुक्यात पुढचे वळण किती तीव्र आहे हे पडद्यावर आगाऊ कळते. महामार्ग आणि त्याच्या शेजारचा सेवारस्ता यांत काही मीटरांचेच अंतर असल्याने यंत्र कधी कधी फसते. कात्रजच्या बोगद्यात संकेत मिळत नसल्याने ते अदमासाने चालते. या मर्यादा समजून घेतल्या की त्रास होत नाही. वाणी गाण्यावर कुरघोडी करते, त्यासही उपाय आहे; बहुतेक यंत्रांत सूचनेचा आवाज गाण्याहून वेगळा ठरवता येतो, आणि ओळखीच्या रस्त्यावर तो बंद ठेवणे उत्तम.

परंतु एक हानी अशी आहे की जी यंत्रात नीट नोंद केल्यावाचून भरून निघणार नाही. पूर्वी प्रवाशाने नावाचा उच्चार चुकीचा केला, तर वाट सांगणारा उत्तर देताना तो सहज सुधारून देई. कोणी ‘विले कुठं?’ विचारले, की ‘विळ्याला ना? असं जायचं’ हे उत्तर मिळे. त्यात उच्चार, सामान्यरूप आणि दिशा तिन्ही येत. गावाच्या नावाचा अधिकारी त्या गावचा माणूस होता, आणि परक्यास त्याच्याशी बोलल्यावाचून पुढे जाता येत नसे. आता परका न विचारता गावातून जातो, आणि यंत्राने सांगितलेले नाव घेऊन जातो. मोटारीत मागे बसलेल्या मुलांच्या कानांवर शेकडो गावांची नावे प्रथम पडतात ती याच वाणीतून.

यास्तव आपल्या विभागाने करण्याजोगे एक काम सुचवून हा लेख संपवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील गावे, वाड्या, फाटे व घाट यांची सूची करावी. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी असाव्यात : प्रमाण नागरी लेखन, स्थानिक रहिवाशाच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेला उच्चार व त्याचे ध्वनिलेखन, लिंग व सामान्यरूप, आणि त्या गावची वाट तेथील माणूस ज्या शब्दांत सांगतो ते एक संपूर्ण वाक्य. एका तालुक्याचे काम एका विद्यार्थ्यास एका सत्रात पेलण्यासारखे आहे. मुळशी आणि माणगाव या दोन तालुक्यांपासून प्रारंभ करावा. यंत्रे बनवणाऱ्यांस अशी सूची उपयोगी पडेलच. न पडली, तरी विळ्याचा ‘ळ’ कोठेतरी नोंदला गेला असेल.